बोलविता धनी

(आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रावरील भाषण)

श्रोतेहो, दहा मिनिटांत हा गृहस्थ बाहुल्यांविषयी काय काय सांगणार, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर तिचे निरसन आधीच करतो. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती दोनतीनदा सांगणार आहे. कारण वक्ता ऐन मुद्द्यावर आला की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हावी, हे रेडिओवर बोलणाऱ्यांचे जुनेच प्राक्तन आहे. ती गोष्ट अशी की बाहुली विकता येते, बक्षीसपत्राने देता येते, वेळप्रसंगी गहाणही टाकता येते. परंतु जो हात आत शिरल्यावर ती जिवंत होते आणि जो आवाज तिच्या तोंडून आपल्या कानी पडतो, तो हात आणि तो आवाज कोणत्याही खरेदीखताने खरेदीदाराच्या कबजात येत नाही.

माझी उभी हयात दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली. जमिनीच्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा सांगून झाल्यावर, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ मिळकत विकली आहे, असे एक भारदस्त कलम असे, आणि ते वाचले की विकणाऱ्याने भूगर्भातील हंड्यापर्यंत काही म्हणून मागे ठेवले नाही अशी घेणाऱ्याची खात्री पटे. बाहुल्यांचे असे खरेदीखत लिहिण्याची पाळी आली तर त्यात लाकूड येईल, कापड येईल, नाव येईल, चित्रपटांचे आणि खेळण्यांचे हक्क येतील. निधिनिक्षेप तेवढा बाहेर राहील.

हे मी कल्पनेने बोलत नाही. अमेरिकेतील मपेट म्हणजे जिम हेन्सन या कलावंताने घडविलेली, दूरचित्रवाणीवर गाजलेली बाहुल्यांची मंडळी. ज्यांची नातवंडे परदेशी वाढत आहेत त्यांना कर्मिट बेडूक आणि मिस पिगी ही जोडी माहीत आहे. जिम हेन्सन यांनी १९५५ साली आईच्या टाकाऊ कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूची दोन अर्धुके यांतून कर्मिट घडविला; बेडूकपण त्याला पुढे यथावकाश प्राप्त झाले. १९८९ साली हेन्सन यांनी आपली कंपनी डिस्नेला विकण्याचे योजिले, बोलणी चालू असतानाच १६ मे १९९० रोजी वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते वारले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो व्यवहार फिसकटला. पुढे २००० साली ईएम टीव्ही नावाच्या जर्मन कंपनीने ६८ कोटी डॉलर मोजून सारा कारभार घेतला. लवकरच तीच कंपनी डबघाईला आल्यामुळे, मधल्या काळात सेसमी स्ट्रीट या मुलांच्या कार्यक्रमातील पात्रे त्या कार्यक्रमाच्या संस्थेकडे गेल्यावर उरलेला कारभार हेन्सन यांच्या मुलांनी २००३ साली मूळ किमतीच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी रकमेत परत मिळविला. आणि २००४ साली कर्मिट व त्याचे सवंगडी अखेर डिस्नेच्या दप्तरी दाखल झाले.

या प्रत्येक फेरफाराच्या वेळी चाहत्यांच्या पोटात गोळा उठला, आणि प्रत्येक वेळी व्यवहारी लोक त्यांना हसले. स्पंजाच्या आणि कापडाच्या बेडकासाठी प्रौढ माणसांनी इतके कासावीस काय म्हणून व्हावे? कर्मिट चोरीस गेला नव्हता की जळालाही नव्हता. तो पूर्वीपेक्षा श्रीमंत घरी पडला होता. परंतु त्या चाहत्यांना कापडाची काळजी नव्हतीच. त्यांना धास्ती होती ती अशी की नवा धनी बाहुलीकडे नुसती मिळकत म्हणून पाहील आणि ती चालविणाऱ्याला वेतनावरचा गडी समजेल.

आता मला एक घरगुती दाखला देण्याची परवानगी असावी. आपण शेजारच्या काकूंकडून विरजण मागून आणतो. त्या विरजणाला किंमत नसते, पावती नसते, ते कोणाच्या मालकीचे असा प्रश्नही कोणी काढीत नाही; कालच्या दह्यातील चमचाभर आज ठेवायचे आणि आजच्यातील उद्या, एवढाच त्याचा कायदा. आता समजा, काकूंचे दही साऱ्या आळीत नावाजलेले असल्याने एखाद्या धनिकाने त्यांचे गाडगेच भरपूर दाम मोजून विकत घेतले, घरी नेऊन स्वच्छतेच्या उत्साहात गरम पाण्याने घासूनपुसून लख्ख केले आणि त्यात उत्तम म्हशीचे दूध ओतले. सकाळी त्याच्या हाती काय लागेल? दूध नासले म्हणून तो गवळ्याला बोल लावील, हवेला लावील, फार तर काकूंनी आपल्याला फसविले म्हणून माझ्या जुन्या कचेरीत तक्रार घेऊन येईल. गाडगे खरे, खरेदी कायदेशीर, दूधही अस्सल. गेले ते विरजण.

बाहुलीच्या खेळातील विरजण म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेली सवय. स्टीव्ह व्हिटमायर १९७८ पासून हेन्सन यांच्या पथकात होते, आणि हेन्सन गेल्यावर कर्मिटमध्ये हात घातला तो त्यांनी. बारा वर्षे शेजारी उभे राहून हात डोक्याच्या वर उंच धरून केलेल्या कष्टांनंतरचा तो हात होता. २०१६ साली त्यांना दूर करण्यात आले, ही गोष्ट पुढल्या वर्षी जगजाहीर झाली, उभय पक्षांनी आपापले म्हणणे मांडले, आणि त्यात न्यायनिवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. त्यांच्या जागी मॅट व्होगेल आले तेही त्याच परंपरेत घडलेले, म्हणजे विरजण अगदीच मोडले असे म्हणवत नाही. नव्या धन्याच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत: त्याच्याच अमदानीत २०११ साली निघालेल्या मपेटांच्या चित्रपटातील एका गाण्याला ऑस्कर मिळाले, आणि जुने कार्यक्रम २०२१ साली घरोघर पाहावयास मिळाले. परंतु फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात १९९१ पासून चाललेला मपेटांचा त्रिमिती खेळ, जो हेन्सन यांच्या अखेरच्या कामांपैकी एक होता, तो २०२५ च्या जूनमध्ये त्याच धन्याने बंद केला, कारण ती जागा दुसऱ्या पात्रांना हवी होती. मालकाचा हक्क निर्विवाद. चाहत्याचे दुःखही तितकेच निर्विवाद, फक्त त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव आज शंभरी ओलांडून गेला आहे. १९६७ साली तो त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्या हाती आला. ते शिक्षणाने इंजिनियर, त्यांचे चिरंजीव सत्यजित चार्टर्ड अकाउंटंट, आणि तरीही तिसऱ्या पिढीत तो बाहुला बोलतोच आहे. शब्दभ्रमकाराची विद्या काय असते, याची चुणूक श्रोत्यांनी आताच्या आता घ्यावी. दात किंचित विलग ठेवून, ओठ यत्किंचितही न हलविता ‘आई’ म्हणा, जमेल. आता ‘बाबा’ म्हणून पाहा, ‘मामा’ म्हणून पाहा! प, फ, ब, भ, म हा सारा वर्ग ओठ मिटल्यावाचून उमटत नाही. म्हणजे तान्ह्या मुलाला जे शब्द सर्वांआधी येतात तेच या कलावंताला सर्वांत दुष्कर; ओठांचे काम जिभेवर सोपवून प्रेक्षकांच्या कानाला फसविण्यात त्याची वर्षे जातात, आणि ते चालू असताना एका हाताने बाहुल्याची मान, डोळे आणि जबडा सांभाळायचा असतो. उद्या कोणी धनाढ्य कंपनीने अर्धवटराव विकत मागितला (असा काही घाट घातला जात आहे, असे मी मुळीच सुचवीत नाही) तर तिच्या पेटीत ही जीभ कशी भरून देणार?

१९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचूचेच पाहा. चित्रपट महेश कोठारे यांचा, बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. ज्या बाहुल्याला पाहून त्या काळच्या मुलांनी रात्री पलंगाखाली पाय सोडले नाहीत, त्याला भिववण्याची शक्ती नेमकी कोणाच्या मालकीची? वकील याचे उत्तर देतील. मला ते देता येणार नाही.

मालकीचा प्रश्न वकिलांवर सोडून आता राखणदारीकडे येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ राखला. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाच्या काळात कोणत्या घराण्याने कोणत्या गावी खेळ करावा, हेही ठरलेले असे. संस्थान गेले, आश्रय आटला, पण तेथील परशुराम गंगावणे यांनी बाहुल्या नुसत्या जपून ठेवल्या नाहीत, मुलांच्या बोटांत दोऱ्या दिल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती माझ्या मते या दुसऱ्या कामासाठी अधिक योग्य होती. याच्या उलट आपल्या मराठवाड्यातील उदाहरण. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात उत्तम स्थितीत आहेत, ती कोणीही पाहावी, संग्रहालयाचे आपल्यावर उपकारच आहेत. परंतु एकेक चित्र वर उचलून ज्या आवाजांत ती कथा गावकऱ्यांपुढे सांगितली जाई, ते आवाज कोणत्या कपाटात ठेवणार? बाहुली असो की चित्र, वस्तू सुरक्षित राहिली म्हणजे सर्व काही राहिले, असे आपण फार लवकर समजतो. कुकरची शिट्टी ज्यांच्या घरी झाली असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: वस्तू विकली जाते, हात आणि आवाज विकला जात नाही, तो शिकविला जातो.

यावर उपाय काय, ते सांगण्यासाठी मी चार मुद्दे लिहून आणले होते. पहिला असा की अशा प्रत्येक व्यवहारात, खेळ करणाऱ्या जुन्या माणसाने निदान दोन शागीर्द तयार करावेत आणि त्यांचा खर्च नव्या धन्याने सोसावा, असे कलम असावे. दुसरा जुन्या फितींच्या बाबतीत, की त्या कुलपात... परंतु काचेपलीकडून निवेदिकाबाई दोन बोटे दाखवीत आहेत, तेव्हा उरलेले राहू द्या.

थोडे रागावूनही घेतो. आपण नाटकाला गेलो तर नटाचे नाव विचारतो, गाण्याच्या बैठकीला गेलो तर तबलजीचेही विचारतो. बाहुल्यांचा खेळ मात्र पोरांचा म्हणून मागल्या बाकावर बसून गप्पा मारतो आणि पडदा पडला की पडद्यामागे कोण होते याची चौकशी न करता चपला शोधू लागतो. उद्या तो खेळ बंद पडला की हळहळण्यात आपणच पुढे! म्हणून शहरातील आणि जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की स्नेहसंमेलनात बाहुल्यांचा खेळ ठेवाल तेव्हा पत्रिकेत बाहुलीच्या नावाशेजारी ती खेळविणाऱ्याचेही नाव छापावे, आणि खेळ संपल्यावर त्याला मुलांसमोर उभे करावे.