प्राध्यापकांचा गौरव आणि आपले कर्तव्य



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी कित्येकांना असे वाटले असेल की, विद्यापीठातील प्राध्यापकांचा गौरव कसा व्हावा हा विद्यापीठांनी पाहावयाचा प्रश्न आहे. ज्या घरातील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराने प्राध्यापकाच्या बढतीची उठाठेव का करावी? माझे म्हणणे असे आहे की, ती त्याच घराने प्रथम करावी. ज्या कामाचा गौरव होतो ते काम पुढील पिढीचे प्राध्यापक आवडीने करतात. ज्याची कोणी नोंदही घेत नाही, ते काम दहा-वीस वर्षांत बंद पडते. आणि जे काम बंद पडत आहे ते तुमच्या-माझ्या मुलांचे आहे.

शिक्षकाचा जाहीर सत्कार करण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. मुलींची पहिली शाळा सुरू होऊन त्या वेळी अवघी चार वर्षे झाली होती. ज्या समाजाने या कामासाठी त्यांना घराबाहेर पडावयास लावले, त्याच्याच डोळ्यांदेखत हा सत्कार झाला. त्या शाळेत रोज उभे राहून शिकविणाऱ्या सावित्रीबाई ता. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. पुणे विद्यापीठास त्यांचे नाव लागले ते २०१४ साली. म्हणजे मृत्यूनंतर एकशे सतरा वर्षांनी! शिकविणे आणि समाजाची सेवा करणे ही दोन निराळी कामे आहेत असे त्या माउलीस कधी वाटले नसावे. ती निराळी केली ती पुढे आपल्या नियमांनी.

बाबासाहेबांचेच पाहा. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊन बसत. आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांची हरकत होती. बाकांवरून मान्यता मिळत होती, ती खोलीतून नाकारली जात होती. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली ती १९५२ साली, आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली. त्या वेळी त्यांनी वयाची साठी ओलांडलेली होती.

आता औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे वळू. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे जे महाविद्यालय काढले त्यास आज आपण मिलिंद महाविद्यालय म्हणतो, आणि ते ज्या परिसरात उभे आहे त्यास नागसेनवन म्हणतो. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. महाविद्यालयास नाव विद्यार्थ्याचे आणि त्यास सावली देणाऱ्या वनास नाव गुरूचे, इतका सुंदर गौरव मला अन्यत्र दिसलेला नाही.

‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा करा. नागसेन त्यास विचारतात की, चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत एकाचे म्हणणे दुसरा खोडून काढतो, चूक दाखविली जाते, ती कबूलही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक मत मांडतो आणि ते न मानणाऱ्यास शिक्षा फर्मावतो. पंडितांची रीत असेल तर मी बोलेन, राजांची असेल तर नाही, असे नागसेन सांगतात, आणि मिलिंद ते मान्य करतो. वकिली करताना मला हा प्रसंग वारंवार आठवतो. प्राध्यापकाचे मूल्यमापन करावयास बसलेली समिती पंडितांच्या रीतीने बसली आहे की राजांच्या, हा सगळा प्रश्न आहे.

याच मिलिंद महाविद्यालयात आणि नंतर मराठवाडा विद्यापीठात प्रा. गंगाधर पानतावणे यांनी मराठी शिकविले. त्यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर संशोधन केले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले ‘अस्मितादर्श’ त्यांनी जवळजवळ अर्धशतक चालविले. खेड्यापाड्यांतील ज्या मुलामुलींच्या कविता-कथांना इतरत्र कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांचे लिखाण त्यांनी छापले, आणि त्यातून लेखकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. संशोधन, अध्यापन आणि समाजकार्य यांपैकी कोठे एक संपते आणि कोठे दुसरे सुरू होते हे त्यांच्या बाबतीत सांगताच येत नाही. २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०१८ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ता. २७ मार्चला ते गेले.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतील तक्ता काढा आणि या माणसास त्यात बसवून पाहा. मानव्यशाखेतील प्राध्यापकाच्या एका शोधनिबंधास १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथास १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास १०, संपादित ग्रंथातील एका प्रकरणास ५. नियतकालिकाच्या पन्नास वर्षांच्या संपादनासाठी या तक्त्यात रकाना नाही. गंमत अशी की पुरस्कारासही गुण आहेत. राष्ट्रीय पुरस्कारास ५. म्हणजे ज्याचा गौरव झाला त्याचा आणखी गौरव व्हावा, ही सोय मात्र नियमांनी केलेली आहे.

अध्यापनाचे काय? नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के वा अधिक घेतल्या तर काम ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतल्या तर ‘समाधानकारक’. तास किती झाले हे मोजले जाते. त्या तासांत मुलांना काय समजले हे विचारले जात नाही. समाजकार्यास या नियमांत जागा आहे, नाही असे नाही. परंतु ते परीक्षेची कामे, परिसंवादाचे आयोजन इत्यादींच्या एकाच गाठोड्यात बांधलेले आहे. त्यांपैकी कोणतीही तीन कामे दाखविली की पुरे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात उल्लेखनीय कार्याची नऊ क्षेत्रे सांगून त्यांपैकी किमान चारांत काम असावे असे म्हटले. समाजाशी संबंध आणि समाजसेवा हे त्या नवांपैकी एक. त्याचे स्वतंत्र नाव घेतले गेले, हे मी चांगलेच मानतो. परंतु उरलेल्या आठांतून चार निवडून वस्तीत पाऊलही न टाकता प्राध्यापकास वर चढता येईल, हेही त्यातून उघड होते.

येथे मला माझ्या एका अशिलाची हकीकत सांगावयाची आहे. नाव-गाव सांगत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ते प्राध्यापक आहेत. महाविद्यालय सुटल्यावर वस्तीतील विहारात रात्री नऊपर्यंत अभ्यासिका चालवावयाची, हा त्यांचा अठरा वर्षांचा क्रम. नव्याने धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे प्रवेशअर्जातील धर्माच्या आणि जातीच्या रकान्यांपुढे अडखळतात; १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला हे कित्येकांना ठाऊक नसते, आणि धर्म बदलला म्हणजे शिष्यवृत्ती गेली अशी भीती कोणीतरी घातलेली असते. हे गृहस्थ प्रत्येकाजवळ बसून कागद समजावून देत. त्यांच्या स्थाननिश्चितीची वेळ आली तेव्हा २०१० चे नियम लागू होते, आणि सहशैक्षणिक, विस्तार व व्यावसायिक विकासाच्या कार्याच्या गटात वर्षाला किमान १५ गुण आवश्यक होते. समितीने प्रमाणपत्रे मागितली. त्यांच्याजवळ एकही नव्हते. कोणाकडे मागणार? विहाराच्या चावीचे का प्रमाणपत्र असते?

प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा मी नाराज होऊन त्यांना म्हणालो, “सर, अठरा वर्षांत एक चिठ्ठी तरी जवळ ठेवायची होती!” ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही तुमच्या सरांना दिली होती का?”

मी गप्प बसलो. मीही अशाच एका अभ्यासिकेतून विधी महाविद्यालयापर्यंत पोहोचलो. माझ्या सरांच्या निरोपसमारंभात मी भाषण केले, शाल व श्रीफळ दिले, डोळ्यांत पाणी आणले. सर सेवेस लागले त्यानंतर एकच पायरी चढून निवृत्त झाले. त्यांनी आमच्यासाठी काय केले हे सांगणारा, आमच्यापैकी कोणाच्या सहीचा एक कागद त्यांच्या सेवापुस्तकाजवळ नव्हता. आम्ही त्या वेळी सुमारे चाळीसजण नोकरी-धंद्यास लागलो होतो, आणि त्यांपैकी दोघे वकील होते.

माझ्या अशिलाच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मग पत्रे लिहिली. अमुक साली, अमुक महिन्यात सरांनी माझा अर्ज भरून दिला. अमुक साली माझी मुलगी अभ्यासिकेत बसून पदवीधर झाली. फेरविचार झाला, गुण मिळाले; परंतु मधल्या तीन वर्षांची वेतनवाढ हातची गेली ती गेलीच. हा विजय आहे असे मी म्हणणार नाही.

कायद्याचे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. राजांच्या रीतीने बसणाऱ्या समित्यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच फटकारले आहे. क्रैपाक खटल्यात (१९६९) वनखात्याच्या निवडमंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव निघाले तेव्हा तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा बसून राहिला. न्यायालयाने निवड रद्द केली. देव दत्त खटल्यात (२००८) एका सरकारी अभियंत्याच्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता आणि बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता. त्यास तो शेरा कळविलाच नव्हता. न्यायालय म्हणाले की, सेवकाविषयीचा प्रत्येक शेरा त्यास कळविला पाहिजे, मग तो वाईट असो वा चांगला. प्राध्यापकांच्या बाबतीत २०१८ च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे: अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, स्त्रिया किंवा अपंग यांपैकी उमेदवार असेल आणि समितीवर त्या वर्गाचा कोणीही नसेल, तर अशा वर्गातील एक विद्वान समितीवर घ्यावा लागतो. राखीव जागेसाठी आलेल्या उमेदवारासमोर ‘कोणीही योग्य आढळला नाही’ हा शेरा मारून जागा रिकामी ठेवली जाते, तेव्हा ती समिती कशी बनली होती हे प्रथम तपासावे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आमच्यातील काही प्राध्यापकांनाही मी नम्रपणे सुनावीन. वस्तीत जातो म्हणून वर्गाची तयारी केली नाही तरी चालेल, निबंध लिहिला नाही तरी चालेल, असा समज करून घेणारे मी पाहिले आहेत. तसल्यांसाठी मी पत्र लिहिणार नाही आणि तुम्हीही लिहू नका. समाजसेवा ही न शिकविण्याची सबब होऊ शकत नाही.

परंतु जो शिकवितो, शोध घेतो आणि रात्री तुमच्या मुलाजवळ बसतो, त्याच्यासाठी तुम्ही निवृत्तीची वाट का पाहावी? येत्या पंधरवड्यात तुमच्या घरातील विद्यार्थ्यास विचारा की, त्याच्या महाविद्यालयात असे कोण आहे. मग प्राचार्यांच्या नावे एक पत्र लिहा आणि त्याची एक प्रत त्या प्राध्यापकास द्या. काय केले, केव्हा केले, किती मुलांसाठी केले, एवढेच त्यात असावे. स्तुती नको, कारण समितीपुढे स्तुतीचा काही उपयोग होत नाही. पत्र मराठीत चालते. आईला लिहिता येत नसेल तर मुलीने लिहावे, आईने अंगठा द्यावा आणि शेजाऱ्याने साक्ष घालावी. प्राचार्यांच्या कार्यालयात पत्र दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्यावाचून परत येऊ नका, आणि पत्रावर तारीख घालावयास विसरू नका.