नऊ सामन्यांची आघाडी



आज मी युद्धावर नाही, बेसबॉलवर बोलणार आहे. लेक बोस्टनला शिकायला गेली आणि तिच्या नादाने मी बोस्टन रेड सॉक्सचा चाहता झालो. आपल्याकडे पहाट उजाडताना तिकडे रात्रीचा सामना सुरू होतो. त्यामुळे लवकर उठायची फौजी सवय कामी आली.

आधी हिशेब सांगतो. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. २०११ च्या पद्धतीत अमेरिकन लीगमधले तीन विभागविजेते पुढे जायचे आणि उरलेल्यांतला सर्वोत्तम संघ 'वाइल्ड कार्ड'वर. ३ सप्टेंबरला आमचे ८४ विजय आणि ५४ पराभव होते. वाइल्ड कार्डच्या शर्यतीत टॅम्पा बे रेज आमच्या ९ सामने मागे होते. त्या महिन्यात आम्ही ७ सामने जिंकलो आणि २० हरलो! सलग दोन विजय महिनाभरात एकदाही नाहीत.

२८ सप्टेंबर, शेवटचा दिवस. दोन्ही संघ बरोबरीत. बाल्टिमोरमध्ये आम्ही नवव्या डावात ३-२ ने पुढे. चेंडू जोनाथन पॅपलबनच्या हातात, दोन गडी बाद, एकच हवा. तिथून ओरिओल्सने दोन धावा काढल्या आणि सामना ४-३ ने गेला. तिकडे यांकीजविरुद्ध ०-७ ने मागे पडलेल्या रेजने बरोबरी साधली होती. आम्ही हरल्यावर तीन मिनिटांत इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात होम रन मारून ८-७ ने सामना काढला. रेजचे ९१ विजय, आमचे ९०. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. लेकीचा फोन आला, "बाबा, संपलं सगळं." पुढे दोघेही बराच वेळ गप्प.

लोकांनी पॅपलबनला शिव्या घातल्या. माझा राग त्याच्यावर नव्हता, आजही नाही. तो शेवटचा पहारेकरी. त्याच्या आधीच्यांनी काय केलं ते बघा. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण पाचव्या दिवशी मैदानात उतरतो. त्याने सहा-सात डाव ओढावेत, अशी अपेक्षा असते. तो चौथ्या-पाचव्या डावात बाहेर पडला, की उरलेला भार राखीव पिचरांवर येतो. त्यांना उद्याही टाकायचं असतं आणि परवाही. सप्टेंबरभर हेच चाललं. एकाने ड्यूटी अर्धवट टाकली, की दुसऱ्याला दुहेरी पहारा. अशा पलटणीची राखीव कुमक लढाईआधीच थकते.

दुखापती होत्या, मान्य. क्ले बुकहोल्ट्झ जूनच्या मध्यापासून पाठीमुळे बाहेर होता. पण पूर्ण ताकदीनिशी मोसम संपवणारा संघ मी तरी पाहिलेला नाही. पुढे वर्तमानपत्रांत आलं, की काही पिचर त्यांची पाळी नसताना, सामना चालू असताना, आत बसून बिअर आणि तळलेलं चिकन हाणत होते. मला चिकनचं दुःख नाही. साथीदार बाहेर झुंजत असताना तुम्ही आत बसता, याचं आहे.

आणि एप्रिल विसरू नका. मोसमाची सुरुवातच आम्ही २ विजय आणि १० पराभवांनी केली होती. त्यातला एक सामना जिंकला असता, तर रेजशी बरोबरी होऊन निकालासाठी आणखी एक सामना मिळाला असता. एप्रिलमधला पराभव सप्टेंबरमधल्या पराभवाइतकाच मोजला जातो. मधल्या विजयांनी तो झाकला जातो, पुसला जात नाही.

दोनच दिवसांत मॅनेजर टेरी फ्रँकोना गेले. याच माणसाने २००४ मध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपवून वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती, २००७ मध्ये पुन्हा एकदा. सेनापती बदलणं सोपं असतं. शिस्त कुठे सुटली हे शोधणं कठीण. पुढचं वर्ष आणखी वाईट गेलं, तेव्हा ते दिसलंच. २०१३ ला मात्र त्यांनी पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि ती पहाट मी पेढे वाटून साजरी केली.

तुमच्या दुकानात, कारखान्यात, शाळेत आज सगळं छान चाललं असेल, तर एवढंच तपासा: आपल्याकडे कुमक आहे, की नुसती आघाडी? आघाडी काल केलेल्या कामाची असते. उद्याच्या कामाला ताजी माणसं लागतात.

जय हिंद.