कुंडलनगरीत आपले स्वागत

विद्यार्थी मित्रहो,

आपल्या संमेलनाचा विषय पर्यावरणशास्त्रातले करिअर. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी ऊस लावतो आणि पाचट जाळत नाही. म्हणून गावाबद्दलच बोलतो.

आपण किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरलात. त्याचे मूळ नाव ‘कुंडल रोड’! १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना निवडुंगाचा, सापांचा माळ दिला. तिथे कारखाना आला, वसाहत आली आणि पाटीवरचे आमचे नाव गेले. राग नाही, नोंद असावी. पुढे याच कुंडलातून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा कारभार चालला. आमचे जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामभाऊ लाड यांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी अडवली. बापूंवर मी तासभर बोलू शकतो, पण समोर चिठ्ठी आली आहे.

तरी एक नाव घेतोच. शेजारच्या मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते. सागरेश्वरचे डोंगर उघडेबोडके होते. मोहित्यांनी ध्यास घेतला, लोक जोडले, झाडे लावली, जगवली. १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे, पण माणसाच्या हातचे. त्या कामाची जाहिरात निघाली नव्हती, वेतनश्रेणी नव्हती. आज आमच्या गावच्या वन प्रबोधिनीत वनक्षेत्रपाल घडतात. तुम्ही परीक्षा जरूर द्या, पण खुर्ची मिळेपर्यंत डोंगर थांबत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

आता क्षमायाचना. निवास शाळेच्या वर्गांत आहे, बाक सरकवून गाद्या घातल्यात. आंघोळीचे पाणी पाळीने मिळेल. काल रात्री वीज गेली, त्यात डासांनी स्वागत समितीच्या आधी स्वागत केले. आणि प्लास्टिकमुक्तीच्या ठरावाचा फलक फ्लेक्सवर छापला गेला, हा दोष सर्वस्वी माझा.

दुधासाठी दूध संस्था, भाकरी-पिठल्यासाठी बचत गटाच्या भगिनी, गुळासाठी गुऱ्हाळवाले, पत्रावळींसाठी तरुण मंडळ, भाडे न घेणारे मंडपवाले आणि नाव सांगू नका म्हणणारे तीन देणगीदार, सर्वांचे ऋण मानतो. कोणी राहिले असेल तर जेवताना कान धरावा.

उद्या सकाळी सहाला सागरेश्वरची गाडी सुटेल. पाण्याची बाटली घरची आणा, आणि हरणांना बिस्किटे घालू नका. त्यांचे पोट मोहित्यांच्या डोंगरावर भरते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.