पहिलं गिऱ्हाईक कुठून येतं?



संयोजक म्हणाले, ‘तू नोकरी सोडून चित्रं काढतेस म्हणे, त्यावर बोल.’ खरं सांगायचं तर नोकरी मी सोडली नाही, ती गेली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि दोन वर्षांपूर्वी आमची अख्खी टीमच कमी केली. घराचा हप्ता चालू होता, मुलगी अकरावीत होती.

आर्किटेक्ट मला नकाशे पाठवतात. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, याची चित्रं मी संगणकावर तयार करते. बांधकामवाले याला ‘थ्रीडी व्ह्यू’ म्हणतात. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यामुळे शिकायला पैशांपेक्षा वेळच जास्त लागला. अवघड होतं ते गिऱ्हाईक मिळवणं.

मोठ्या बिल्डरांची माणसं ठरलेली असतात. म्हणून मी छोटी ऑफिसं धरली, जिथे आर्किटेक्ट आणि एखादा ड्राफ्ट्समन एवढीच माणसं असतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातल्या ३० जणांची यादी केली आणि प्रत्यक्ष जाऊन भेटले.

दाखवायला आधीचं काम नव्हतं. मग आपल्या शाळेचा कौलारू व्हरांडा संगणकावर उभा केला आणि शेजारी खरा फोटो ठेवला. दुपारची सावली खांबांवर कशी पडते, तेही जुळवलं. ही बाई दिसतं तसं काढते, एवढं त्यावरून समोरच्याला कळायचं. तरी २० जण ‘कळवतो’ म्हणाले, सात जणांनी दर विचारला आणि तिघांनी काम दिलं. पुढची बहुतेक कामं त्या तिघांच्या ओळखीतूनच आली.

‘आधी एक फुकट करून दाखवा’ असं बरेच जण म्हणतात. मी फुकट करत नाही. एकच व्ह्यू घ्या, पण पैसे देऊन घ्या, असं सांगते. निम्मी रक्कम आधी, दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीचे वेगळे पैसे, हे सगळं लिहून घेते. ‘उद्यम’ नोंदणीही केली आहे. ती विनाशुल्क होते. अशा छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं, असा कायदा आहे.

एकदा एका बिल्डरने सांगितलं, ‘मागचा नाला काढा, तिथे बाग दाखवा.’ मी नाही म्हटलं. २०१६च्या रेरा कायद्यानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. पण कायदा बाजूला ठेवला, तरी त्या चित्राकडे बघून कोणीतरी आयुष्याची पुंजी लावणार असतं. ते काम गेलं. त्या महिन्याचा हप्ता मुदत ठेव मोडून भरला. बैठकीला हजर असलेल्या आर्किटेक्टने मात्र पुढे दोन बंगले दिले.

आजही माझं उत्पन्न जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास आहे, पण हप्ता थकत नाही. मैत्रीखातर मला काम देऊ नका. तुमच्या ओळखीच्या एका आर्किटेक्टचं नाव सांगा. पुढचं मी बघेन. आणि तुमच्या मुलांपैकी कोणाला हे शिकायचं असेल, तर रविवारी सकाळी घरी पाठवा. भूमितीच्या बाईंनी आपल्याला जसं शाळा सुटल्यावर थांबून शिकवलं, तसंच शिकवीन. फी नाही.