चाकांवरून रानात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण राहतो त्या जागेचे नाव भोईवाडा. भोई म्हणजे पालखी, मेणा, डोली खांद्यावरून वाहणारी माणसे. पालख्या गेल्या, नाव तेवढे राहिले. परंतु ज्याला स्वतःच्या पायांनी चालवत नाही, त्याला डोंगर किंवा रान दाखवायचे म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाहून न्यायचे, ही समजूत मात्र अजून कायम आहे. "तुम्ही त्या गाडीवरून कुठे कुठे हिंडता ते सांगा," असे चिटणीसबाईंनी मला फर्माविले आहे. तेव्हा त्या समजुतीबद्दलच थोडे बोलते.

माझी हकीकत तुम्हांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. माझा जन्म 1962 चा. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पोलिओचे थेंब पुढे आपल्या परळच्याच हाफकिन संस्थेतून देशभर गेले आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला. माझ्या वाट्याला मात्र ते थेंब आले नाहीत. हाजीअलीच्या संस्थेतून कॅलिपर मिळाला, त्याच्या जोरावर शाळा झाली, नोकरी झाली, संसारही झाला. पन्नाशीनंतर चांगला पायदेखील कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षे ज्या स्नायूंनी दुप्पट काम केले, ते आता थकले." तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे.

मंडळाच्या सहलीला मी नेहमी येते. सगळ्याजणी धबधबा नाहीतर देऊळ पाहायला गेल्या की सामानाजवळ कुणीतरी थांबावेच लागते, आणि ती कुणीतरी मीच असते. कुणी मला तसे सांगत नाही. ते आपोआप होते. तुमच्या पिशव्या मी फार नीट सांभाळल्या आहेत, एवढे प्रशस्तिपत्र मला द्यायला हरकत नाही!

माथेरानला मात्र मी एकदा हातरिक्षातून पुष्कळ हिंडले. तिथे मोटारींना बंदी. म्हणून तेव्हा घोडा, नाहीतर माणसांनी ओढायची रिक्षा. पुढे एकजण ओढे, मागून एकदोघे ढकलत. लाल मातीचा चढ, अंगातून घामाच्या धारा, आणि मी वर बसलेली. वाटेत एका झाडावर तांबट टुकटुक करीत होता. त्याला पाहावे असे फार वाटले, परंतु "जरा थांबा" म्हणवेना. चढावर थांबले की पुन्हा गाडी हलवायला त्यांना दुप्पट जोर लागतो, हे डोळ्यांना दिसत होते. त्यांना ठरलेल्या जागा माहीत. तिथे ते थांबत आणि तिथलेच मी पाही. माणसाने माणसाला असे ओढावे हे बरे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2025 च्या ऑगस्टमध्ये म्हटले आणि या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय व्हावी, हेही सांगितले. मला तो निकाल वाचून आनंद झाला. परंतु ओढणाऱ्याची सुटका झाली की बसणारीनेही घरी बसावे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर मला फार लांब सापडले. 2019 साली भाचीकडे इंग्लंडात, डेव्हन परगण्यात गेले होते. तिथल्या एका जंगलात 'ट्रॅम्पर' नावाची विजेची चारचाकी भाड्याने मिळे. जाड टायर, उंच सांगाडा, बसायला खुर्ची आणि हातात दांडा. चिखल, खडी, गवत, झाडांची मुळे, सगळ्यांवरून ती जाते. अशा गाड्यांवरून रानोमाळ भटकणाऱ्या अपंगांची 'डिसेबल्ड रॅम्बलर्स' नावाची संस्थाच त्या देशात आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या स्टॉन्टन उद्यानात तर 2017 पासून रणगाड्यासारखे पट्टे लावलेली खुर्ची पाहुण्यांना विनामूल्य देतात. मी त्या ट्रॅम्परवरून अर्धा दिवस हिंडले. एका ओढ्याशी वीस मिनिटे नुसती बसून राहिले. कुणाचा खांदा दुखत नव्हता, कुणी घड्याळ पाहत नव्हते.

तशी गाडी इकडे आणणे माझ्या पेन्शनीत बसण्यासारखे नव्हते. सुदैवाने 2021 साली मद्रासच्या आय.आय.टी.तून 'नियोबोल्ट' निघाले. चाकाच्या खुर्चीला पुढून एक मोटरचे चाक जोडायचे की तिची तीनचाकी गाडी होते. ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग, आणि एकदा बॅटरी भरली की जवळपास तेवढेच अंतर. खुर्चीची पुढची दोन चिमुकली चाके उचलली जातात, हा मोठा फायदा. कारण मातीत रुततात ती तीच. चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्यावरून सहज निघते.

ज्या घरांत अशी गाडी यायची आहे, त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. चढ किंवा उतार सरळ घ्यावा, आडवा कधीही घेऊ नये. तीनचाकी कुशीवर उलटते. चढणीला बॅटरी सपाटीपेक्षा पुष्कळ लवकर उतरते, म्हणून निम्मी संपायच्या आतच परत फिरावे. ओल्या पाचोळ्यावर जोराने ब्रेक दाबू नये. पावसाळ्यात तर शेवाळलेल्या फरशीपेक्षा साधी मुरमाची वाट बरी. आणि मोबाइल गळ्यात अडकवावा. पिशवीत ठेवला तर हवा तेव्हा हाताशी लागत नाही.

माझी आवडती जागा म्हणजे धारावीला लागून, माहीमच्या खाडीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकरांचे हे रान उभे आहे कशावर, तर मुंबईच्या कचऱ्यावर! एके काळी शहराचा केर तिथे टाकीत. आपल्या घरांतलाही त्यात असेल. तिथे माती घालून 1983 पासून झाडे लावली. पहिले झाड पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हातचे. 1994 साली उद्यान लोकांना खुले झाले. मी सकाळी लवकर जाते. मोटरचा आवाज जवळजवळ नाही, आणि बसल्यामुळे उंचीही कमी. म्हणून की काय, सूर्यपक्षी हाताच्या अंतरावर येऊन फुलांत चोच घालतो. उभ्या माणसाला तो इतका जवळ येऊ देत नाही, असा माझा अनुभव आहे. ही एक गोष्ट तरी मला तुमच्यापेक्षा जास्त मिळते!

खरी अडचण रानात येत नाही, दारात येते. एका बागेच्या फाटकात मोटारसायकली अडवायला लोखंडी खांब रोवले होते. त्यांतून खुर्चीही जाईना. रखवालदार बिचारा भला माणूस. "बाई, उचलून घेऊ का?" म्हणाला. मी नको म्हटले. त्या दिवशी बाहेरूनच परतले. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो की सार्वजनिक जागा आम्हांला जाता येतील अशा केल्या पाहिजेत, आणि जुन्या इमारतींना त्याने पाच वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली. दोन खांबांत तीन फूट जागा सोडायला मोठासा खर्च येत नाही. तसे पत्र मंडळाच्या नावाने गेले, तर माझ्या एकटीच्या पत्रापेक्षा ते नक्कीच अधिक लक्षपूर्वक वाचले जाईल.

आणि हे माझ्या एकटीचे काम आहे असे समजू नका. गेल्या सहलीच्या यादीत आपल्या सातजणींची नावे नव्हती. विचारले तर कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाला दम लागतो. पोलिओ झाला नाही म्हणून काय झाले. सत्तरीनंतर आपण सगळ्याच हळूहळू पिशव्यांजवळ बसू लागतो.

म्हणून सूचना करते. यंदाची जानेवारीची सहल निसर्ग उद्यानात न्यावी. जागा जवळ आहे, दिवसभराचा प्रवास नाही. त्या सातजणींना मी स्वतः जाऊन बोलावीन. दोन खुर्च्या भाड्याने मिळतात का ते पाहते. बसच्या पायरीला लावायची लाकडी फळी माझ्याकडे आहे. ती धरायला मात्र दोघीजणी लागतील. नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत.