नवरंग : ग्रंथालयामागचा पाहुणा

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या ६० वर्षांचा आढावा मान्यवर वक्त्यांनी घेतलाच आहे. मी एका पाहुण्याविषयी बोलणार आहे.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी ग्रंथालयाच्या नव्या काचेवर आदळून एक पक्षी खाली पडला. पाचवीतल्या एका मुलीने तो रुमालात अलगद धरून माझ्याकडे आणला. तो नवरंग होता. लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर, शेपटी आखूड, पाय लांब. पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, डोळ्यांवरून काळा पट्टा, कंठ पांढरा आणि शेपटीखाली किरमिजी रंग.

सह्याद्री, मध्य भारत आणि हिमालयाचा पायथा येथे पावसाळ्यात त्याची वीण होते. काटक्या, मुळ्या व पानांच्या घुमटाकार घरट्याला दार बाजूने असते. चार-पाच चकचकीत पांढऱ्या अंड्यांवर जांभळट ठिपके असतात. नर व मादी दोघेही अंडी उबवतात आणि पिलांना भरवतात. पाऊस सरला की तो दक्षिणेकडे, थेट श्रीलंकेपर्यंत जातो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे शहरातील दिव्यांनी गोंधळून थकलेले पक्षी इमारतींत शिरतात. पहाटे व सायंकाळी त्याची शीळ घुमते, म्हणून तमिळ भाषेत त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात.

आम्ही त्याला दिवसभर खोक्यात, अंधारात ठेवले. सायंकाळी सोडताच तो ग्रंथालयामागच्या पाचोळ्यात शिरला आणि चोचीने पाने उलटून किडे टिपू लागला. तो पाचोळा रोज झाडून काढावा, अशी लेखी सूचना माझीच होती. ती मी दुसऱ्या दिवशी रद्द केली. काचेवर मुलांनी कागदी पट्ट्या चिकटवल्या.

आता त्याच कोपऱ्यात फरशी घालून वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आहे. त्यावर माझीही सही आहे. ती मी आज आपल्यासमक्ष मागे घेत आहे. पालकांना थोडे चालावे लागेल, याची मला जाणीव आहे. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडीलही महाराष्ट्रातून निघून दक्षिणेतील या शहरात आले आणि त्यांना येथे आसरा मिळाला. त्या पाहुण्यासाठी एक कोपरा राखावा, एवढीच समितीला आणि आपणा सर्वांना विनंती.