चवदार तळ्याचे दोन ठराव

(लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



नगरपालिकेच्या सभेत ठराव मांडला जातो, त्यास अनुमोदन मिळते, मतदान होते आणि इतिवृत्तात त्याची नोंद होते. पुढील सभेत ते इतिवृत्त कायम झाले म्हणजे विषय निकालात निघाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः त्या घटकेस विषयाचा केवळ आरंभ झालेला असतो. ठरावाच्या मागे सभागृह किती काळ व किती दृढपणे उभे राहते, यावर त्या ठरावाचे मोल ठरते. या गोष्टीचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राला महाड या गावाने दिला आहे. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील या गावाच्या नगरपालिकेने एकाच तळ्याविषयी सुमारे साडेतीन वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी ठराव केले. पहिल्या ठरावाने दार उघडले. दुसऱ्याने ते लावून घेतले.

या प्रकरणाचा उगम मुंबई कायदेमंडळात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव तेथे संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांस करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. त्याच वर्षी सरकारने आपल्या खात्यांच्या प्रमुखांस या ठरावानुसार वागण्यास कळविले. परंतु विहिरी, तळी व धर्मशाळा पुष्कळ ठिकाणी नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या ताब्यात होत्या. त्यांच्या बाबतीत अखेरचा शब्द स्थानिक संस्थेचाच होता.

महाडच्या नगरपालिकेने हा शब्द दिला. जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून तिने चवदार तळे सर्वांस खुले केले. त्या काळाचा विचार करता हा ठराव निःसंशय धैर्याचा होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी कार्यकर्ते गावाच्या सार्वजनिक जीवनात होते. पुढे १९२७ च्या परिषदेच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

परंतु ठराव झाला आणि तळ्यावर काहीच बदलले नाही. ज्यांच्यासाठी तो झाला, त्यांपैकी कोणीही स्पृश्य हिंदूंच्या विरोधाच्या भीतीने तळ्यावर पाऊल ठेवू शकला नाही. कायदेमंडळाच्या ठरावाचीही ठिकठिकाणी अशीच गत झाली. म्हणूनच १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी शिफारस त्यात होती. ठराव अमलात यावा म्हणून दुसरा ठराव करावा लागणे, ही प्रशासनाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. परिषदेला काही हजार लोक जमले होते. त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात नगरपालिकेचे तळे होते, ते सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, आणि तरीही पाणी विकतच घ्यावे लागत होते. कागदावरील हक्क आणि हातातील तांब्या यांमधील अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण. दुसऱ्या दिवशी परिषदेतील मंडळी शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले व इतरांनी त्यांचे अनुकरण केले. नगरपालिकेच्या तीन वर्षांपूर्वीच्या ठरावाची अंमलबजावणी अशा रीतीने नागरिकांनी स्वतः केली.

त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली आणि परतीच्या वाटेवरील व जेवणावर बसलेल्या लोकांवर हल्ले झाले. तळे बाटले असे ठरवून एकशे आठ घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून ते तळ्यात परत ओतण्यात आले व तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

आता नगरपालिकेची कसोटी होती. आपल्या ठरावानुसार वागणाऱ्या नागरिकांच्या पाठीशी तिने उभे राहावे, ही अपेक्षा वाजवी होती. परंतु ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव संमत झाला तीही तारीख ४ ऑगस्टच होती.

हा दुसरा ठरावही सभेतच झाला होता. यातून सभाकामकाजाचे एक मूलभूत तत्त्व ध्यानात येते. रस्ता कोठून न्यावा, दिवे प्रथम कोणत्या पेठेत लावावेत, बाजाराची जागा कोणती असावी, हे प्रश्न बहुमताने सुटतात आणि तसेच सुटले पाहिजेत. परंतु सार्वजनिक पाणी पिण्याचा माणसाचा हक्क मतांच्या मोजणीवर ठेवला, तर एका सभेने दिलेले दुसरी सभा काढून घेऊ शकते. महाडच्या दोन ठरावांनी नेमके हेच दाखविले.

पुढचा इतिहास परिचित आहे. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. त्यापूर्वीच काही स्पृश्य रहिवाशांनी न्यायालयात दावा लावून, तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले. परंतु तळ्यावरील सत्याग्रह न्यायालयाच्या हुकुमाचा मान राखून तहकूब करण्यात आला. तळ्याला शांततेने प्रदक्षिणा घालून मिरवणूक परतली. जमलेल्या हजारो लोकांचा उत्साह पाहता हा निर्णय सोपा नव्हता. ज्यांच्या बाजूचा ठराव नगरपालिकेने मोडला, त्यांनी न्यायालयाचा हुकूम मात्र मोडला नाही.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, तरी मूळ दावा चालूच राहिला. तळे आपल्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादिकालापासून आहे, असा वादींचा पवित्रा होता. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये व ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये तो फेटाळला. अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळून लावले. तळे नगरपालिकेचे आहे आणि इतरांना वगळणारी अनादिकालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, हा त्या निकालाचा आशय होता. नगरपालिकेने १९२४ च्या ठरावाची अंमलबजावणी केली असती, तर जे एका हंगामात घडले असते, त्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयाची पायरी चढावी लागली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने हा प्रश्न सभागृहांच्या मतदानातून कायमचा बाहेर काढला. पंधराव्या अनुच्छेदानुसार, सरकारी पैशातून राखलेल्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या वापरास दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही अटकाव करता येत नाही. बोले यांच्या ठरावाशी या शब्दांचे नाते सहज ओळखू येते. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन शिक्षापात्र ठरविले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत अनुसूचित जाती-जमाती व महिला यांना राखीव जागा मिळाल्या. ज्यांच्याविषयी पूर्वी ठराव होत, ते आता ठराव मांडणाऱ्यांत बसतात.

तथापि महाडचा धडा जुना झालेला नाही. आजही पंचायतीच्या व नगरपालिकेच्या दप्तरात असे ठराव आढळतात की, जे संमत झाले आणि तेथेच थांबले. वस्तीपर्यंत न पोहोचलेली नळयोजना, स्मशानभूमीचा न झालेला रस्ता, मंजुरी मिळूनही न उघडलेले वाचनालय, यांचा मार्ग बहुधा मतदानात अडत नाही. तो मतदानानंतर अडतो. म्हणून प्रत्येक ठरावासोबत तो कोणी अमलात आणावयाचा, किती मुदतीत, कोणत्या खर्चशीर्षातून, आणि विरोध झाल्यास काय करावयाचे, हे चार प्रश्न त्याच सभेत विचारले गेले पाहिजेत. ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल पुढील सभांपुढे येईल, असा आग्रह सदस्यांनी धरला पाहिजे. मुख्याधिकारी व ग्रामसेवक यांनी दुर्बलांच्या हिताचा ठराव संमत झाल्यावर अर्जाची वाट न पाहता तो त्यांच्यापर्यंत नेला पाहिजे. शिक्षकांनी आपल्या गावाचे जुने इतिवृत्त विद्यार्थ्यांना दाखवावे. नागरिकशास्त्राचे याहून चांगले पुस्तक मिळणार नाही.

आणि एखादा पूर्वीचा ठराव फिरविण्याचा विषय सभेपुढे येईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने क्षणभर थांबावे. परिस्थिती बदलली म्हणून निर्णय बदलणे हे शहाणपणाचे असू शकते. केवळ बाहेर गलका वाढला म्हणून तो बदलणे, ही दिलेल्या शब्दाशी प्रतारणा होय. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये दिलेला शब्द योग्य होता. तो पाळण्याचे काम मात्र ज्यांना तो दिला होता त्यांनाच करावे लागले. तशी वेळ आपल्या गावातील कोणावरही येऊ नये, इतकी काळजी प्रत्येक सभागृहाने घेतली तरी पुष्कळ झाले.